नामी

तिचं नाव जन्मापासूनच नामी.
नामी याकोब पगारे, राहणार छावणी, इंदूर.
बाप चर्चच्या फाटकासमोर जोडे शिवायचा
आणि रविवारी धुतल्या शर्टात
त्याच चर्चच्या शेवटच्या बाकावर बसायचा.

मी तिच्या मागे ड्रम वाजवायचो.
हे आधीच सांगितलेलं बरं,
म्हणजे पुढचं तुम्ही थोडं कमी करून घ्याल.

महूला, पलटणीच्या क्लबात, बहात्तरच्या थंडीत
कुणी एक मेजर पेला खाली ठेवून म्हणाला,
ही पोरगी सोल गाते, सोल.
याकोबला सांगितलं तर तो तोंडात खिळे धरून हसला:
"सोल तर मी बसवतो.
झिजला की काढतो, नवा लावतो.
यात गाण्यासारखं काय आहे?"
पण त्याच आठवड्यात त्याने तिच्या सँडलला
दुहेरी सोल मारून दिला,
कारण गाताना ती पाय आपटायची,
डावा,
मात्रेच्या केसभर नंतर.
मी तो पाय बघत बघत
माझा ठेका मागे सरकवायचो.

आवाज स्वच्छ नव्हता.
खालच्या सुराला गेली की मांजरपाट फाटावा तसा चिरायचा,
आणि ती चीर ती झाकायची नाही,
उघडीच ठेवून पुढं जायची.
ऐकणारे पेल्यातला बर्फ हलवायचं विसरायचे.

मग कलकत्त्याहून एक सुपारी खाणारा माणूस आला.
एक तबकडी, दोन गाणी, पाचशे प्रती.
मालवा हाउसवरून बुधवारच्या फर्माइशीत
तिचं नाव घेताना निवेदक उगाच थांबायचा.
जेल रोडच्या एका दुकानदाराने स्पीकर
रस्त्याकडे तोंड करून ठेवला;
सायकलवाले एक पाय जमिनीला टेकून उभे राहायचे,
दूध घेऊन निघालेलेसुद्धा.
साबणाच्या एका कॅलेंडरवर ती झळकली,
ते छापून आलं मार्चमध्ये.
राजवाड्यापाशी एका पानवाल्याने 'नामी पान' काढलं,
गुलकंद जास्त, चुना कमी.
ते पान तिच्यानंतरही वीस वर्षं खपलं.
खाणाऱ्यांना वाटायचं, नामी म्हणजे फक्कड.

अकरा महिने.
मला नक्की आठवतात,
तेवढेच महिने मी वाण्याच्या दुकानावरून
मान वर करून गेलो.

दुसरी तबकडी निघालीच नाही.
कंपनी बुडाली की तो माणूस, नीट कळलं नाही.
ती मुंबईला गेली, तीन आठवड्यांत परत आली.
बसस्टँडवर मी ट्रंक उतरवून घेतली.
म्हणाली, "तिथे मला स्वच्छ गा म्हणाले."
याहून जास्त कधी बोलली नाही.

मी नळखात्यात लागलो.
ड्रम एका बँडवाल्याला विकले, वरातीसाठी.
याकोब वारला तेव्हा गावी होतो, उशिरा कळलं.
तिचं लग्न झालं की नाही
यावर छावणीत अजून दोन मतं आहेत.

आणि परवा, मोतीबिंदूसाठी, मिशनच्या इस्पितळात
डोळ्यांत थेंब घालून मला बाकावर बसवलं होतं.
समोर सगळं दुधाळ. खिडकी आहे एवढंच कळत होतं.
नंबर सांगणारं यंत्र बिघडलेलं,
म्हणून काउंटरमागून एक बाई पुकारत होती:
चवालीस. पैंतालीस.
चिठ्ठीवर माझा सत्तेचाळीस.

"सैंता",
आणि ती थांबली.
"लीस" खाली उतरलं
आणि तिथेच चिरलं.
काउंटरखाली काहीतरी वाजलं,
केसभर उशिरा.

मी उठलो नाही.
तिने पुन्हा पुकारलं.
शेजारच्याने कोपराने ढोसलं,
"भिया, तुमचा नंबर आहे."
म्हटलं, थांब जरा,
अजून एकदा म्हणू दे.